व्यसनमुक्ती : शपथेनंतर काय?

पाटस : पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस हे गाव बहुतेक पुणेकरांना टोलनाक्यामुळे आणि भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र हा परिसर वेगळ्याच कारणाने देशभर चर्चेत आला. पाटसहून सोलापूरच्या दिशेने काही किलोमीटर अंतरावर असलेल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा टाकला. तेथे ६०० किलोहून अधिक मेफेड्रॉन, म्हणजेच 'एमडी' सापडले. पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली येथील कारवायांत मिळून १,७०० किलोहून अधिक साठा हस्तगत झाला. पोलिसांनी त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे सांगितले होते.

या कारवाईनंतर अमली पदार्थांविरोधातील जनजागृतीला वेग येणे स्वाभाविक होते. महाविद्यालयांत व्याख्याने, फेऱ्या, पथनाट्ये आणि सामूहिक शपथ हे कार्यक्रम यापूर्वीही होत होते. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन म्हणून जाहीर केला, तेव्हापासून त्या दिवशी असे उपक्रम घेण्याची प्रथाच पडली आहे. यामागील हेतू चांगला आहे. तथापि २६ जूनला आपल्याकडे प्रथम वर्षाचे प्रवेश अनेक ठिकाणी पूर्णही झालेले नसतात. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला या माहितीची सर्वाधिक गरज आहे, तो शपथ घेणाऱ्यांच्या रांगेत नसण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्न केवळ तारखेचा नाही. शपथेमुळे विद्यार्थी व्यसनापासून दूर राहतात का, राहत नसतील तर कशामुळे राहतात, याबाबत जगभरात गेली चार दशके अभ्यास झाला आहे. त्याचे निष्कर्ष आपल्या महाविद्यालयांपर्यंत फारसे पोहोचलेले नाहीत.

बातमी एमडीची, सवय दारूची

मेफेड्रॉन हे प्रयोगशाळेत तयार होणारे उत्तेजक रसायन आहे. त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि त्यामुळे थोड्याच वेळात पुन्हा घेण्याची ओढ लागते. झोप उडणे, छातीत धडधड, संशय आणि भास हे त्याचे ठळक परिणाम. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्याचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात केला. त्यानुसार दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण 'अल्प' मानले जाते, तर ५० ग्रॅमच्या पुढील 'व्यावसायिक' प्रमाणासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे.

एमडीचा धोका निर्विवाद आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या हाती सहज पडणारा पदार्थ आजही दारू आणि तंबाखू हाच आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स' संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के आहे. भांग-गांजासारखे पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण २.८ टक्के आढळले. याच अहवालातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते.

मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालविणारा मुलगा अल्पवयीन होता आणि त्यापूर्वी त्याला मद्य देण्यात आल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. त्यानंतर शहरातील मद्यालयांवर कारवाईची मोहीम झाली. अशा घटनांनंतर काही आठवडे सर्वत्र सतर्कता असते. पुढील तुकडी प्रवेश घेते तेव्हा मात्र तिला नव्याने काही सांगणारी व्यवस्था बहुतेक ठिकाणी नसते.

बाटलीचे गणित

प्रतिबंधनाची सुरुवात अचूक माहितीपासून करावी लागते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य खरेदी करण्यासाठी, बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. बारावीनंतर वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी पदवीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण पूर्ण होईपर्यंत कायद्याने तीव्र मद्य पिताच येत नाही. ही साधी बाब अनेक पालकांनाही ठाऊक नसते.

दुसरा गैरसमज 'बिअर म्हणजे दारू नव्हे' हा. याचे गणित कोणत्याही विज्ञानाच्या विद्यार्थ्याला करता येईल. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्के अल्कोहोल असलेली 'स्ट्राँग' बिअर असेल, तर त्यात सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे अशी एक बाटली चार लहान पेगच्या बरोबरीची ठरते.

यकृत साधारणपणे तासाला एका लहान पेगहून थोडे कमीच अल्कोहोल निकालात काढू शकते. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांमुळे हा वेग वाढत नाही. वाहन चालविताना रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. महामार्गालगतच्या गावातून दुचाकीवर ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे गणित पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा महत्त्वाचे आहे.

भाषण का पुरत नाही?

माहिती आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही, हा धडा अमेरिकेने मोठी किंमत देऊन घेतला. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलिस अधिकारी वर्गावर येत, अमली पदार्थांचे दुष्परिणाम सांगत आणि नकार देण्यास शिकवीत. शिक्षक, पालक आणि राजकारणी असे सर्वच त्यावर खूश होते. कार्यक्रम देशभर पसरला. १९९० च्या दशकात मात्र एकामागून एक अभ्यासांत असे दिसले, की हा कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या व्यसनाच्या प्रमाणात पुढे उल्लेखनीय फरक राहत नाही. अखेर २००९ पासून त्या संस्थेने आपला अभ्यासक्रमच बदलला.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधनाची आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०१८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. केवळ भीती दाखविणारी व्याख्याने, एकतर्फी माहिती आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे निव्वळ अनुभवकथन यांवर विसंबू नये, असा त्यांचा सूर आहे. त्याउलट लहान गटांतील चर्चा, निर्णय घेण्याचे व नकार देण्याचे प्रत्यक्ष सराव, प्रशिक्षित शिक्षक आणि अनेक सत्रांत सलग चालणारा कार्यक्रम यांचा उपयोग होतो.

भीती का चालत नाही, याचे उत्तर अवघड नाही. व्याख्यानात सांगितलेले यकृताचे आजार किंवा फुफ्फुसाचा कर्करोग हे वीस-तीस वर्षांनंतरचे असतात. विद्यार्थ्यासमोर मात्र आज रात्रीचा वाढदिवस असतो. ज्या मित्राने काल दोन ग्लास घेतले, तो आज ठणठणीत दिसतो. अशा वेळी वक्त्याने सांगितलेली खरी माहितीही अतिशयोक्ती वाटू लागते.

'सगळेच घेतात' हा भ्रम

पाटस, कुरकुंभ, वरवंड परिसरातील मुले उच्च शिक्षणासाठी दौंड, बारामती किंवा पुण्याला जातात. काही जण रेल्वेने रोज ये-जा करतात, तर अनेक जण शहरात खोली घेऊन राहतात. घराबाहेरचे ते पहिलेच वर्ष असते. अमेरिकेतील मद्यपानविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या मते महाविद्यालयातील पहिले सहा आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. नव्या गटात सामावून जाण्याची गरज आणि ओळखीचा मोठा माणूस जवळ नसणे, या दोन्ही गोष्टी तेव्हा एकत्र येतात.

याच काळात एक समज पक्का होतो, तो म्हणजे 'इथे सगळेच घेतात'. वेस्ली पर्किन्स आणि अॅलन बर्कोविट्झ या अमेरिकी अभ्यासकांनी १९८६ मध्ये एका महाविद्यालयाच्या पाहणीतून दाखवून दिले, की आपले सहाध्यायी मद्यपानाबाबत जितके सैल आहेत असे विद्यार्थ्यांना वाटते, तितके ते प्रत्यक्षात नसतात. पिणाऱ्यांचा गोंगाट ऐकू येतो, न पिणारे गप्प असतात. परिणामी न पिणाऱ्या मुलाला आपण एकटेच असल्याचे वाटते आणि तो बहुमत समजून अल्पमताच्या मागे जातो.

हा भ्रम दूर करण्यासाठी अनेक विद्यापीठांनी फलक लावले. केवळ फलकांमुळे मद्यपान फारसे घटत नाही, हे पुढील अभ्यासांत स्पष्ट झाले. मात्र हीच माहिती विद्यार्थ्याला व्यक्तिशः, त्याच्या स्वतःच्या सवयीशी तुलना करून सांगितली, तर तिचा अधिक उपयोग होतो.

दहा प्रश्न, थोडा वेळ

त्यासाठी वापरता येणारे साधन सोपे व विनामूल्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या 'ऑडिट' या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. किती वेळा पितो, एका दिवसात किती पितो, सुरू केल्यावर थांबता येत नाही असे होते का, आदल्या रात्रीचे आठवत नाही असे घडले का, कोणी काळजी व्यक्त केली आहे का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. एकूण गुण ४० असतात. आठ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोक्याची सूचना, तर वीस किंवा त्याहून अधिक गुण असल्यास तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक मानली जाते.

प्रश्नावलीनंतरची पायरी छोट्या संवादाची आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन मार्लाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अशी पद्धत विकसित केली. एक-दोन भेटींत समुपदेशक विद्यार्थ्याला त्याचेच उत्तर समोर ठेवून विचारतो, की याचा अभ्यासावर, पैशांवर, झोपेवर काय परिणाम होतो आणि त्यात तुला काय बदलावेसे वाटते. उपदेश नाही, दटावणी नाही. महाविद्यालयीन मद्यपान कमी करण्याच्या उपायांत या पद्धतीला सर्वाधिक पाठबळ मिळालेले आहे. व्यसन जडण्यापूर्वीच्या टप्प्यावर ती लागू पडते, हे तिचे वैशिष्ट्य.

नाव उघड होण्याची भीती

या सर्व उपायांची कसोटी एकाच प्रश्नावर लागते. विद्यार्थी खरे उत्तर देईल का? 'ऑडिट'चा कागद प्राचार्यांच्या टेबलावर जाणार असेल, वसतिगृहातून काढून टाकण्याचा आधार ठरणार असेल किंवा घरी दूरध्वनी जाणार असेल, तर दहाही प्रश्नांची उत्तरे 'कधीच नाही' अशीच येतील. ग्रामीण भागात हा धोका अधिक आहे. तेथे शिक्षक, दुकानदार, नातेवाईक सर्वच परस्परांना ओळखतात आणि एकदा नावाला लागलेला डाग पुसला जात नाही.

कायदा येथे विद्यार्थ्याच्या बाजूने आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे आणि पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु त्याच कायद्यातील कलम ६४ अ असे सांगते, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनग्रस्ताने शासनमान्य रुग्णालयात वा केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालविता येत नाही. उपचार पूर्ण करणे ही अट आहे. ते अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. विक्री करणाऱ्याला अर्थातच हे संरक्षण नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे अशा रुग्णाला उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क मिळतो. महाविद्यालयांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. विक्री, दमदाटी आणि रॅगिंग यांना कठोर शिक्षा हवीच. मदत मागायला आलेल्याला मात्र शिक्षा नको, आणि ही दोन दालने एकमेकांपासून वेगळी असावीत. 'येथे सांगितलेले बाहेर जाणार नाही' ही हमी प्रवेशाच्या दिवशीच लेखी मिळाली, तर तिचे मोल शंभर शपथांहून अधिक ठरेल.

मुक्तांगणचा धडा

पुण्याजवळच याचे मोठे उदाहरण आहे. १९८० च्या दशकात ब्राऊन शुगर म्हणजेच 'गर्द' या पदार्थाने शहरातील तरुणांना विळखा घातला. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळाने डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, या भूमिकेवर केंद्राचे काम उभे राहिले. सुमारे पाच आठवड्यांचे निवासी उपचार, त्यानंतरचा दीर्घ पाठपुरावा आणि कुटुंबीयांशी संवाद असे त्याचे स्वरूप आहे.

मुक्तांगणचा अनुभव महाविद्यालयांना दोन गोष्टी शिकवितो. पहिली म्हणजे पुन्हा घसरणे हा आजाराचाच भाग आहे, त्यामुळे एका संधीनंतर दार बंद करून चालत नाही. दुसरी, दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास थरथर, झटके, भ्रम असे गंभीर परिणाम होऊ शकतात. खोलीत कोंडून ठेवणे, देवाची शपथ घालणे किंवा चहातून गुपचूप औषध देणे हे उपाय धोकादायक आहेत. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

गावाचा आणि रस्त्याचा वाटा

विद्यार्थ्याला नकार द्यायला शिकवायचे आणि त्याच्या वाटेवर दुकान उघडे ठेवायचे, यात विसंगती आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. पुढे लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि नंतरच्या आदेशांनी आणखी सवलती मिळाल्या. पाटससारख्या महामार्गावरील गावांना या निर्णयांचा थेट संबंध पोहोचतो.

ग्रामस्थांच्या हातीही एक साधन आहे. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास दारू दुकानाबाबत गुप्त मतदान घेण्याची तरतूद राज्यात आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने ते ओळखले जाते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत दिल्यास दुकान बंद करावे लागते.

परिस्थिती बदलल्यास मुले बदलतात, याचे उदाहरण आइसलँडने घालून दिले. १९९८ मध्ये तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात नशा होईपर्यंत दारू प्यायल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांवर आले. खेळ व कलेसाठी अनुदान, पालकांचे परस्परांशी करार, विक्रीच्या वयाची कडक अंमलबजावणी आणि दरवर्षी शाळाशाळांतून सर्वेक्षण, हे सर्व तेथे एकत्र केले गेले. लहान देशाचा कित्ता जसाच्या तसा गिरविता येणार नाही. पण दरवर्षी मोजायचे आणि त्यानुसार उपाय बदलायचे, ही शिस्त एखाद्या तालुक्यालाही जमण्यासारखी आहे.

काय करता येईल?

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर होते. त्यांतील काही तास प्रशिक्षणाला देता येतील. प्रथम वर्षाच्या वर्गांत प्रवेशानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत लहान गटांची तीन-चार सत्रे, निनावी प्रश्नावली आणि तिचे निकाल त्याच विद्यार्थ्यांसमोर मांडणे, एक प्रशिक्षित शिक्षक व एक शिक्षिका यांची जाहीर नावे, जवळच्या रुग्णालयाशी संधान, आणि गोपनीयतेची लेखी हमी. या पाच गोष्टींसाठी मोठा खर्च येत नाही. त्या वर्षभर नियमित करण्यासाठी चिकाटी मात्र हवी.

कुरकुंभमधील छाप्याने पुरवठ्याची एक साखळी उघड झाली. मागणी मात्र वर्गात, वसतिगृहात आणि भाड्याच्या खोलीत तयार होते. तेथे पोलिस पोहोचू शकत नाहीत. तेथे मित्र, शिक्षक आणि पालकच पोहोचू शकतात, आणि तेही विद्यार्थ्याला त्यांच्याशी बोलण्याची भीती वाटत नसेल तरच.

हे लक्षात ठेवा

- मित्र दारूमुळे बेशुद्ध पडल्यास त्याला एकटे सोडू नका. उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवा. काही खाऊ-पिऊ घालू नका. श्वास मंद असेल किंवा हाक मारूनही जाग येत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
- काय व किती घेतले हे डॉक्टरांना खरे सांगा. त्यावर उपचार अवलंबून असतात.
- व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी : १४४४६ (विनामूल्य).
- मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस' : १४४१६ (विनामूल्य, २४ तास).
- अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी 'मानस' मदतवाहिनी : १९३३. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.